मासळी बाजारातली मांजरं: नुसतं खाऊ घालण्यापासून नसबंदीपर्यंत, नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

मांजरांना रोज खाऊ घालणारी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्याच मांजरांची नसबंदी करून घेणारी मात्र फार थोडी. पहिल्यांनी दुसऱ्यांत यावं, एवढ्यासाठी हा लेख.

उदाहरण म्हणून मासळी बाजार धरला आहे, कारण तिथे सगळे प्रश्न एकाच ठिकाणी भेटतात. खाणं भरपूर, लपायला जागा भरपूर, टेम्पोंची वर्दळ सतत, आणि मांजरांवर जीव लावणाऱ्या कोळणींपासून त्यांच्यावर पाणी फेकणाऱ्या गाळेवाल्यांपर्यंत सगळ्या तऱ्हेची माणसं. तुमची मांजरं सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बागेत किंवा नाट्यगृहाच्या मागच्या बोळात असली तरी कामाच्या पायऱ्या याच.

आधी थोडा हिशेब समजून घ्या. भाटी, म्हणजे मादी मांजर, चार ते सहा महिन्यांची झाली की माजावर येते. गाभणपणा साधारण नऊ आठवड्यांचा, एका वेताला बहुतेक वेळा तीन ते पाच पिल्लं. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. आपल्याकडे ऊन आणि उजेड वर्षभर असल्यामुळे वर्षाला दोन-तीन वेतं सहज होतात. यातली बहुतेक पिल्लं मोठी होतच नाहीत. सर्दीने डोळे चिकटून, पॅनल्यूकोपेनिया या विषाणूच्या रोगातल्या उलट्या-जुलाबांनी, गाडीखाली, कुत्र्यांच्या तोंडी ती जातात. तुम्ही वाटी भरत राहिलात आणि नसबंदी केली नाही, तर दर काही महिन्यांनी हेच पुन्हा बघायची वेळ तुमच्यावर येते. म्हणून माझं ठाम म्हणणं असं की खाणं आणि नसबंदी ही वेगवेगळी कामं मानूच नयेत.

आणि मांजरं उचलून दुसरीकडे नेऊन सोडणं हा उपाय नाही. खाणं आणि आडोसा तसाच राहिला तर मोकळ्या झालेल्या जागेत आजूबाजूची नवी, नसबंदी न झालेली मांजरं येतात. सोडलेल्या मांजरांतली काही परतीच्या वाटेवर मरतात, काही अनोळखी जागी उपाशी राहतात. रोममध्ये, सीझरचा खून झाला त्या तोर्रे अर्जेंतिनाच्या भग्नावशेषांत मांजरांची वस्ती आहे. तिथले स्वयंसेवक १९९०च्या दशकापासून मांजरं हलवण्याऐवजी त्यांची नसबंदी करून त्यांना तिथेच सांभाळत आले आहेत. इटलीने १९९१ मध्ये कायदा करून भटकी मांजरं मारायला बंदी घातली आणि त्यांची नसबंदी करून त्यांना मूळ जागी सोडायचं ठरवलं.

पहिलं काम: मोजणी

पिंजऱ्याला हात लावण्याआधी दोन आठवडे फक्त बघा. एक वही करा किंवा फोनवर तक्ता करा. प्रत्येक मांजराचे दोन्ही बाजूंनी आणि समोरून फोटो घ्या, एखादं सोपं नाव ठेवा, ते कुठे दिसतं ते लिहा. काळ्या मांजरांत फरक करणं अवघड जातं. त्यांच्या शेपटीचं टोक, छातीवरचे पांढरे केस, कानावरच्या जुन्या जखमा बघा. पांढरा, काळा आणि पिवळा असे तिन्ही रंग अंगावर असलेलं मांजर जवळपास नेहमीच भाटी असते. पिवळ्या मांजरांत साधारण पाचांत चार बोके. जाड गालांचं, रुंद डोक्याचं मांजर म्हणजे बहुधा नसबंदी न झालेला प्रौढ बोका. डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर त्या मांजराची नसबंदी झालेली आहे, तिला पुन्हा पकडू नका.

मोजायला दोन वेळा जा. पहाटे माल उतरतो तेव्हा आणि बाजार धुऊन झाल्यावर रात्री. दोन्ही वेळची मांजरं बऱ्याचदा वेगळी असतात.

बाजारातली खरी माहिती मात्र पाटावर बसणाऱ्या मावशांकडे असते. "ती पांढरी ना? ती परवा बर्फाच्या पेटीमागे व्यायली. आधीची दोन गेली हो तिची." हे एक वाक्य तुमच्या आठवडाभराच्या निरीक्षणाइतकं मोलाचं असतं. कुठली भाटी गाभण, कुठली अंगावर पाजते, कुठला बोका नवा आला, हे त्या सांगतात. त्यांना विचारा, ऐका, आणि त्यांच्यासमोर वहीत लिहा. पुढे पिंजरा लावताना याच मावशी तुमच्या बाजूने उभ्या राहतात.

माणसांशी बोलणं

बाजाराचं व्यवस्थापन, सोसायटीची कमिटी, बागेचा किंवा रुग्णालयाचा अधिकारी, जागा ज्याच्या ताब्यात असेल त्याला एक पानाचं पत्र द्या आणि लेखी परवानगी मागा. पत्रात भूतदयेवर फार लिहू नका. मांजरं किती, त्यांतल्या भाट्या किती, नसबंदी कधी, खर्च कोण करणार, आणि साफसफाईची जबाबदारी कोणाची, एवढंच लिहा. तक्रार करणाऱ्या माणसाला टाळू नका. त्याला त्रास होतो तो खरा असतो. रात्रीची बोक्यांची भांडणं, स्कूटरच्या सीटवरच्या मुताचा उग्र वास, गच्चीत पडलेली घाण. यातली पहिली दोन कारणं नसबंदीनंतर काही आठवड्यांत बरीच कमी होतात. हे त्याला सांगा, आणि घाण होते ती जागा तुम्ही स्वतः झाडून द्या. हातात झाडू घेतलेल्या माणसाचं म्हणणं सभेत ऐकलं जातं.

कायद्याचं थोडक्यात. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा मांजरांनाही लागू आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला मारणं, विष घालणं किंवा जायबंदी करणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. २०२३ च्या पशु जन्म नियंत्रण नियमांचा मुख्य भर कुत्र्यांवर असला, तरी वस्तीतल्या प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ रहिवाशांनी मिळून ठरवावी, ती जागा जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी, हे त्यांत स्पष्ट आहे. नियमांची प्रत जवळ ठेवा, पण बोलणी तिच्यापासून सुरू करू नका. पहिल्याच भेटीत कलमं काढली की समोरचा माणूस वकील शोधायला लागतो.

वेळेचं आणि जागेचं खाणं

पकडायचं असेल तर मांजरं ठरल्या वेळी ठरल्या जागी यायला हवीत. रोज एकच वेळ, एकच कोपरा, अर्ध्या तासात उरलेलं उचलायचं. रात्रभर पडून राहिलेलं खाणं उंदीर, घुशी आणि तक्रारी आणतं. वर्तमानपत्रावर ओतू नका. स्टीलच्या किंवा मातीच्या वाट्या वापरा, त्या रोज धुवा, शेजारी स्वच्छ पाणी ठेवा. बाजारात पाणी सगळीकडे असतं, पण ते खारं किंवा घाण असतं.

दूध-पोळी आपल्या हाताला सवयीची, पण मांजराच्या पोटाला ती चालत नाही. मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. उकडलेले मासे किंवा कोंबडी, ज्या पाण्यात उकडलं त्या पाण्यासकट, आणि त्यात मूठभर भात, हे परवडणारं आणि चांगलं खाणं. शिजवलेली हाडं आणि मोठे काटे काढा. मीठ, कांदा, लसूण, मसाला अजिबात नको. कालवणातले मासे वाढू नका, कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. जमलं तर त्यात थोडं कोरडं तयार खाद्य मिसळा.

किनाऱ्यावर जून आणि जुलैमध्ये मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत बाजारातली मांजरं अक्षरशः उपाशी पडतात. वर्षभर हात आखडता असला तरी चालेल, या दोन महिन्यांची तजवीज आधी करा.

डॉक्टर आणि तारीख

पिंजरा लावण्याआधी शस्त्रक्रियेची तारीख पक्की हवी. मांजर पकडून मग दवाखाना शोधायचा नाही. मुंबईसारख्या काही महापालिका भटक्या मांजरांच्या नसबंदीसाठीही योजना राबवतात. आपल्या महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात आणि शहरातल्या प्राणिमित्र संस्थांकडे आधी चौकशी करा. पिंजरेही बहुधा संस्थांकडेच अनामत ठेवून मिळतात.

डॉक्टरांना हे नक्की विचारा. माणसाळलेलं नसलेलं मांजर तुम्ही हाताळता का, पिंजऱ्यातच भुलीचं इंजेक्शन देता का? आतले टाके विरघळणारे घालता का? टाके काढायला हे मांजर पुन्हा हाती लागणार नाही. भुलीतच कानाचं टोक कापून, रेबीजची लस टोचून आणि जंतनाशक देऊन मिळेल का? पाजणाऱ्या भाटीची शस्त्रक्रिया पोटाऐवजी कुशीतून करता का? कुशीतली जखम लांबूनही दिसते आणि पिल्लांच्या तोंडापासून दूर राहते. कान कापण्याला बरेच जण बिचकतात. भुलीत केलेला तो सेंटिमीटरभराचा काप लवकर बरा होतो, आणि त्याच्यामुळे त्या मांजराला दुसऱ्यांदा पिंजऱ्याची, भुलीची आणि चिऱ्याची शिक्षा भोगावी लागत नाही. त्यावर तडजोड करू नका.

क्रम असा ठेवा: आधी भाट्या, मग बोके. एकच बोका सुटला तरी तो सगळ्या भाट्यांना पुरतो, त्यामुळे संख्या थांबते ती भाट्यांमुळेच. आणि एक जागा पूर्ण करा, मग दुसरी हाती घ्या. दहा ठिकाणी दोन-दोन मांजरं केल्याने कुठलीच वस्ती आटोक्यात येत नाही. एका वस्तीतली निदान सत्तर टक्के मांजरं झाली की फरक दिसू लागतो, आणि उरलेलीही सोडायची नाहीत.

पिंजरा लावायची संध्याकाळ

मांजराचा पिंजरा अडीच ते तीन फूट लांब असतो, आत पायपट्टी, तिच्यावर पाय पडला की मागची झडप पडते. उंदराचा मोठा पिंजरा चालत नाही. कुत्र्यांचं जाळं किंवा पोतंही नको, त्यात मांजराचे दात-नखं आणि तुमचे हात दोन्ही जायबंदी होतात.

दिवस निवडताना बाजाराचं पंचांग बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, श्रावण: गिऱ्हाईक कमी, कचरा कमी, मांजरं भुकेली. रविवारी सकाळी पोटभर खाल्लेलं मांजर पिंजऱ्याकडे बघतही नाही. आदल्या रात्रीपासून खाणं बंद ठेवायचं, आणि हे सगळ्या खाऊ घालणाऱ्यांना सांगायचं. एका प्रेमळ माणसाने चार बोंबील टाकले की संध्याकाळ वाया गेली. मुसळधार पावसात, एप्रिल-मेच्या भर दुपारी आणि दिवाळीच्या फटाक्यांत पकडू नका. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यांत सोयीचा.

पिंजरा सपाट जमिनीवर ठेवा, डुगडुगला तर मांजर आत पाऊल टाकणार नाही. तळाला वर्तमानपत्राची घडी घाला म्हणजे पायाला जाळी टोचत नाही. झडप दोनदा हाताने पाडून बघा. भाजलेल्या बांगड्याचा मोठा तुकडा पायपट्टीच्या पलीकडे, अगदी टोकाला ठेवा आणि दारापासून तिथपर्यंत नखाएवढे कण टाकत जा. जास्त टाकलं तर मांजर दारातच जेवून जातं. मग दहा-पंधरा पावलं मागे, नजरेच्या टप्प्यात बसा. फोनचा आवाज बंद.

पहिल्यांदा येतं ते बहुधा धीट पिल्लू किंवा कान कापलेलं जुनं मांजर. अनुभवी भाटी पिंजऱ्याभोवती फेरी मारते, मान लांब करून वास घेते, अर्धं अंग आत घालते आणि मागच्या मागे बाहेर येते. अशा वेळी हलायचं नाही. ती पुन्हा येते. मागचे पाय अजून उंबऱ्यावर, पुढचा एक पाय हवेत, आणि तो पायपट्टीवर टेकला की झडप खाड्कन पडते. पुढचे काही क्षण ती जाळीवर आदळते, नाक खरचटून घेते. इथे एकच काम तत्परतेने करायचं: जाड चादर घेऊन जायचं आणि पिंजरा चारी बाजूंनी झाकायचा. अंधार झाला की ती अर्ध्या मिनिटात गप्प होते. मग चादर किंचित वर करून कान बघा, पोट बघा. केस विरळ होऊन स्तनाग्रं गुलाबी, ओढलेली दिसली तर ती पाजते आहे. पिल्लं कुठे आहेत ते माहीत नसेल आणि डॉक्टर त्याच दिवशी करून परत देणार नसतील तर तिला सोडून द्या. पिल्लं पाच-सहा आठवड्यांची झाली की पुन्हा पकडा.

एका पिंजऱ्यात एकच मांजर. लावलेला पिंजरा सोडून चहालाही जायचं नाही. बाजारात कुत्री आहेत, टेम्पो आहेत, आणि कुतूहलाने काठी खुपसणारी मुलंही आहेत. मांजर शांत दिसलं तरी जाळीतून बोट घालू नका.

शस्त्रक्रियेनंतर

भूल उतरताना मांजराच्या अंगातली ऊब जाते. पंखा आणि एसी बंद, जमिनीवर पुठ्ठा, पिंजऱ्यावर चादर, खोलीत शांतता. पूर्ण शुद्धीवर येऊन मान स्थिर धरेपर्यंत खाणं-पाणी नको, नाहीतर ठसका लागून श्वासनलिकेत जातं. त्यानंतर थोडं मऊ खाणं. बोक्याला दुसऱ्या दिवशी, भाटीला शक्य असेल तर दोन-तीन दिवसांनी सोडा. पाजणारी असेल तर ती सावध झाल्यावर डॉक्टरांना विचारून लवकर. जखमेतून रक्त ठिबकत असेल, हिरड्या पांढऱ्या फटक दिसत असतील किंवा संध्याकाळपर्यंत नीट जाग आलेली नसेल, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठी मिळणारं परमेथ्रिन असलेलं गोचिडांचं औषधही तसंच घातक.

सोडायचं ते पकडलं त्याच जागी, सकाळी, पिंजऱ्याची पाठ रस्त्याकडे करून. दार उघडा आणि मागे व्हा. बाण सुटावा तशी ती जाते आणि दोन-चार दिवस दिसतही नाही. खाणं नेहमीच्या वेळी ठेवत राहा.

पिल्लं

एकटी पिल्लं दिसली की उचलू नका. आई बहुतेक वेळा खाणं शोधायला गेलेली असते. लांबून काही तास बघा. पिल्लं गार पडली असतील, ओरडून थकली असतील किंवा जागा धोक्याची असेल तरच हात घाला. दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसाच्या हाताची सवय लागली तर पिल्लू घरात नांदतं, त्यानंतर ते कठीण होत जातं. दोन महिन्यांचं आणि किलोभर वजनाचं पिल्लू नसबंदीला योग्य असतं, म्हणून दत्तक देताना शस्त्रक्रिया करूनच द्या. "मोठं झालं की करू" म्हणणारी घरं ती पुढे बहुधा करत नाहीत.

चावलं, ओरखडलं तर

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना-तिखट काही लावू नका, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. मांजराच्या दाताचं छिद्र बारीक पण खोल असतं, आत जंतू राहतात आणि हात दुसऱ्या दिवशी सुजतो. प्रतिजैविकाबद्दलही डॉक्टरांना विचारा. नियमित पिंजरा लावणाऱ्यांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवावी. एखादं मांजर अचानक लाळ गाळत, अडखळत, कारण नसताना अंगावर येत असेल तर त्याच्या जवळ जाऊ नका, इतरांना दूर ठेवा आणि पशुवैद्यकीय विभागाला कळवा.

गरोदर बाई वस्तीत असली की टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती पुढे येते. त्याचा संसर्ग मुख्यतः कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून आणि दूषित मातीतून होतो, मांजर शेजारून गेल्याने नव्हे. तिने मांजरांची घाण उचलू नये, भाज्या आणि हात नीट धुवावेत, एवढी काळजी पुरते.

जिथे वस्ती वाढवू नये

मांजरं पक्षी, खारी, सरडे मारतात, हे मांजरांवर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य करायला हवं. पाणथळ जागा, पक्ष्यांची वसतिस्थानं आणि जंगलाची कड या ठिकाणी खाण्याची जागा सुरू करू नका. बोरिवली किंवा आरेच्या बाजूला रात्री ठेवलेलं खाणं मांजरांना आणि कुत्र्यांना गोळा करतं, आणि त्यांच्या मागे बिबळ्या वस्तीपर्यंत येतो. अशा ठिकाणी आधीपासून असलेल्या मांजरांची नसबंदी लवकर करा, माणसाळलेली असतील त्यांना घरं शोधा, आणि खाणं दिवसाउजेडी देऊन लगेच उचला.

पुढची वर्षं

नसबंदी झालेली वस्ती स्थिर होते, पण नवं मांजर येतंच: कोणीतरी पिशवीत आणून सोडलेलं, किंवा शेजारच्या गल्लीतून आलेलं. ते दिसल्याबरोबर वहीत लिहा आणि महिन्याभरात त्याची नसबंदी करा. ते माणसांना घाबरत नसेल तर घरातून टाकलेलं असण्याची शक्यता जास्त, आधी त्याचं घर शोधा. रेबीजच्या लसीचा पुढचा डोस वर्षाने असतो. पुन्हा पिंजऱ्यात येतील त्यांना तो द्या. पावसाळ्याआधी फळ्यांखाली कोरडे खोके ठेवा आणि पार्किंगमधल्या लोकांना गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारायला सांगा. पाऊस लागला की मांजरं इंजिनाच्या उबेला बसतात.

तुम्ही गावी गेलात, बदली झाली, घर बदललं, तर जागा कोण सांभाळणार ते आधीच ठरवा. वही, फोटो, पिंजरा आणि डॉक्टरांचा नंबर ज्याच्या हाती देणार त्याला निदान महिनाभर आधीपासून रोज सोबत न्या. मांजरांना त्याच्या आवाजाची आणि बाजाराला त्याच्या चेहऱ्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.